मोटारीची कल्हई

नातवानं कुठल्याशा भंगारातून एक जुनी मोटार उचलून आणली आहे. रविवार आला की तो तिच्यापुढं मांडी घालून बसतो आणि तिच्या उघड्या पोलादाच्या दांड्या, मुठी, दिव्यांची कडी घासून घासून आरशासारखी करतो. परवा घरात येऊन म्हणाला, "आजी, तुमच्याकडं त्या काळी मोटार होती ना? तिच्या पोलादाला गंज चढू नये म्हणून तुम्ही काय करायचात?"

मी म्हटलं, "काय करायचो ते विचारू नकोस. काय केलं ते ऐक, आणि त्यातलं एकही करू नकोस."

तो हसला आणि पुन्हा घासायला गेला. ऐकायला कुणाला सवड असते? म्हणून लिहून ठेवते. घरात एक तरी माणूस एवढं मूर्ख होऊन गेलं हे पुढच्यांना कळलेलं बरं. नाही तर ते मला शहाणी समजून बसतील.

माझं सासर वसमत आणि औंढ्याच्या मधलं. निजामाचं राज्य होतं, आणि तिकडं कुठं तरी लढाई पेटलेली होती, म्हणून पेट्रोल महाग आणि दुर्मीळ. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, परभणीहून बदलून गेलेल्या एका साहेबाची मोटार घेऊन ठेवली होती. चालवायची हौस कमी, दारात उभी करायची जास्त. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचं चाक रुतून बसायचं, तिथं मोटारीची काय कथा. मृगाच्या आधी ती बैलांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपरात जायची आणि दसऱ्याला बाहेर यायची. एवढे चार महिने ती पेंढीला टेकून उभी असायची, एखाद्या रुसलेल्या जावयासारखी.

मोटारीचा ड्रायव्हर वसमतचा. त्याला सगळे चाचा म्हणत. हैदराबादेत आपण नवाबांच्या मोटारी हाकल्या असं तो सांगायचा. कुठल्या नवाबाच्या, ते दर वेळी बदलायचं. पावसाळा आला की तो मोटारीच्या चकाकत्या भागांना, म्हणजे पुढच्या बंपरला, दिव्यांच्या कड्यांना, दारांच्या मुठींना, बाहेरच्या ब्रेकच्या दांड्याला, डब्यातलं काळंकुट्ट ग्रीस फासायचा आणि आपल्या शेतावर पेरणीला निघून जायचा.

त्या वर्षी मी त्याला विचारलं, "चाचा, एवढ्या देखण्या मोटारीला काळं काहून फासता?"

"नजर लगती, बेटी," तो गंभीरपणे म्हणाला. "चार महिने उभी ऱ्हाती. येणारा बघतो, जाणारा बघतो. काळं असलं म्हंजे नजर न्हाई लागत."

मी पदर तोंडाला लावून हसले. मी मराठी चौथी शिकलेली. नजर-बिजर अडाण्यांनी मानावी. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या बिचाऱ्यालाही दुसरं कारण ठाऊक नसावं. पण कारण चुकीचं असून त्याचा हात बरोबर चालायचा. माझं उलटं होतं. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार असायचं आणि हात नेमका चुकीच्या डब्यात जायचा.

आता मोटारीचं सोंग मला का सुचलं ते सांगते. माझं माहेर गोरेगाव. धाकट्या भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. गोरेगावात तोवर वरात निघायची ती घोड्यावर, नाही तर दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत. मी गावात आलेल्या बांगडीवाल्याकडून निरोप धाडला: वरातीला आमची मोटार येईल, तोंड बघून घ्यावं अशी चकाकती. कुणाला न विचारता धाडला. बांगडीवाला म्हणजे चालता-बोलता दवंडीवाला. आठवड्यात सेनगावपासून हिंगोलीपर्यंत सगळ्यांना कळलं. ज्यांची मोटार होती त्या मामंजींनाही ते बाहेरूनच कळलं.

मामंजी सुनेशी थेट बोलत नसत. जेवताना ते भिंतीकडं बघून आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "कुणी तरी माझी मोटार वाटून राहिलं म्हणे."

आत्याबाई भाकरी थापत म्हणाल्या, "वाटली खरी. आता काय, न्हाई म्हणता? आपलीच इज्जत जायची."

"न्हाई म्हणत न्हाई. पण माझी मोटार भिकाऱ्यासारखी कुणाच्या दारात जायची न्हाई. दसऱ्याला बघीन. लखलखीत असली तर जाईल. न्हाई तर ज्यानं निरोप धाडला त्यानं बैलगाडीत बसून जावं."

झालं. माझ्या माहेरचं नाक त्या मोटारीच्या बंपरला बांधलं गेलं. आणि ते बांधणारी मीच.

आता एक सांगायला हवं. भांडी घासण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या हातची पितळी घागर दारात ठेवली तर रस्त्यानं जाणाऱ्याचे डोळे दिपायचे. त्या वयात एवढं एकच यायचं, म्हणून तेच सगळ्या जगाला लावायचं. मी चाचाचं ग्रीस पोतेऱ्यानं पुसून काढलं, आणि रोज दुपारी चिंच, राख, मीठ घेऊन मोटारीला भिडले. वर विटकरीचा चुरा. काथ्या धरून असं रगडायची की गोठ्यातले बैल रवंथ थांबवून बघायचे.

आत्याबाई दारातून म्हणायच्या, "व्हय गं, म्हशीला असा कधी हात लावत न्हाईस. ही काय सकाळी दूध देणार हाय?"

मी उत्तर द्यायची नाही. शहाण्यांनी अडाण्यांच्या तोंडी लागू नये असं माझं मत होतं.

मोटारीवर निकेलचं पाणी चढवलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. थोड्या दिवसांत दिव्याच्या कड्यावरचं ते पाणी एका जागी पातळ झालं, मग उडालं. आतून पांढरं पोलाद निघालं. ते अजून जास्त चमकत होतं! मी नवऱ्याला हाताला धरून दाखवायला नेलं. "बघा, वर मळ होता. खरी मोटार आत होती." त्यांनी एकदा मोटारीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि शेतावर गेले. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी कौतुक समजले. असली समज देवानं शत्रूला देऊ नये.

मग मी राहिलेलं निकेलही काढलं. बंपर, मुठी, ब्रेकचा दांडा, सगळं सोलून उघडं केलं. साहेबानं कुठल्या तरी विलायती कारखान्यातून अंगावर घालून आणलेला तो कपडा मी वसमत तालुक्यात चिंचेनं उतरवला.

श्रावण लागला. झड सुरू झाली. ऊन नाही, वारा नाही, नुसती भुरभुर. सकाळी जाऊन बघते तर बंपरवर नारिंगी धूळ बसलेली. मला वाटलं, गेरू उडाला असेल. पुसला, घासला, चकाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जास्त घासला, जास्त आला. दुपारी मोटार चांदीची, सकाळी विटेची. मग मला शोध लागला की मोटारीला थंडी बाधते. मी दोन जुन्या गोधड्या तिच्या अंगावर घातल्या. त्या दमट हवेत गोधड्या पाणी पिऊन जड व्हायच्या आणि सगळी रात्र पोलादाला चिकटून बसायच्या. सकाळी गोधडीवर गंज आणि मोटारीवर गोधडीची शिवण, दोरा न् दोरा उमटलेला. अशी नक्षी कोणत्या रंगाऱ्याला जमली नसती.

आत्याबाई रोज बघायच्या. काही म्हणायच्या नाहीत. फक्त एक दिवस त्यांनी विचारलं, "लेकरू झोपलं का गं? अंगावर घातलंस ना नीट?"

भाद्रपद संपत आला. दसरा जवळ, आणि मोटारीच्या तोंडावर देवी आल्यासारखे वण. तेवढ्यात कल्हईवाला आला. दर वर्षी सणाच्या आधी यायचा, आमच्या चिंचेखाली भट्टी लावायचा. गावातल्या आयाबाया तांब्या-पितळेची भांडी घेऊन जमायच्या. आत कल्हई नसली तर आमटी कळकते. काळं पडलेलं पातेलं त्याच्या हातात जायचं आणि चांदीचं होऊन बाहेर यायचं. मी ते बघत उभी होते, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. असा उजेड पडायचा तेव्हा घरच्यांनी मला कोंडून ठेवायला हवं होतं.

मी दोघा गड्यांकडून बंपर, दिव्यांची कडी आणि मुठी खोलून घेतल्या आणि त्याच्यापुढं टाकल्या.

"ह्याला करा कल्हई."

त्यानं बंपर उचलून पाहिला, वाजवून पाहिला. "लोखंडाला कधी केली न्हाई, बाई." मग त्यानं आजूबाजूला बसलेल्या बायांकडं पाहिलं. तोही माझ्याच जातकुळीतला निघाला. न येणारी गोष्ट येत नाही म्हणून सांगायची त्याला लाज वाटली. "पण करून देतो. चांदी वाटंल चांदी. वसमतच्या बाजारात कुणी केली नसंल अशी करून देतो."

भाता फुलला. बंपर तापला. त्यानं नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, सगळ्याजणी खोकत मागं सरल्या. कथलाची कांडी टेकवली, कापसाच्या बोळ्यानं फिरवली. कुठं धरलं, कुठं गोळे झाले, पण जिथं धरलं तिथं खरंच चांदण्यासारखं झालं. बाया तोंडात बोट घालून बघत राहिल्या. माझी मान ताठ झाली ती दुखेपर्यंत.

कल्हई झालेलं भांडं कल्हईवाला लगेच पाण्याच्या टोपात घालतो. चर्र आवाज होतो, आणि नवसागर धुऊन निघतो. त्यानं सवयीनं बंपर उचलला.

"थांबा!" मी ओरडले. "पाणी न्हाई लावायचं."

"आँ?"

"पाण्यानंच तर गंज चढतो. चार महिने मी काय बघून राहिले?"

"बाई, कल्हई म्हटल्यावर पाण्यात घालावंच लागतं. भांडं हाय का लोखंड, त्याला काय..."

"हे भांडं न्हाई. ही मोटार हाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, खांदे उडवले. "बराबर. तुमची मोटार, तुमची मर्जी." आणि बंपर तसाच, नवसागराच्या पांढऱ्या भुकटीसकट, बाजूला ठेवून दिला.

एवढ्या महिन्यांत मी एक धडा शिकले होते, की पाण्यानं गंज येतो. तेवढा एकच शिकले, आणि तो नेमका जिथं नको तिथं वापरला. सगळे भाग पुन्हा बसवून घेतले, वर गोधड्या घातल्या, आणि खंडेनवमीपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा हुकूम सोडला. मीही उघडून पाहिलं नाही. मला सगळ्यांसमोर गोधडी ओढायची होती.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं, अवजारं पुजतात. अंगणात पाटावर विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, खुरपी मांडली होती. शेजारी मोटार ढकलून आणली होती, गोधड्या पांघरलेली. मामंजी हळदकुंकवाचं ताट घेऊन आले. गडी, बायका, शेजारी, सगळे जमले. मी पुढं झाले आणि गोधडी ओढली.

न धुतलेल्या नवसागरानं लोखंड खायचं तेवढं खाल्लं होतं. पोलादभर लाल-तपकिरी खपल्या सुटल्या होत्या. त्यांच्या मधून कथलाचे ठिपके पांढरे दिसत होते, आणि काही ठिकाणी हिरवट पिवळं पाणी ओघळून वाळलं होतं. मुठीला मामंजींनी बोट लावलं तर खपली हातात आली.

मामंजी आत्याबाईंकडं वळले.

"मोटारीला गोवर निघाला का?"

गड्यांतलं कुणी तरी फिस्सकन हसलं. मामंजी हसले नाहीत. त्यांनी मोटार सोडून बाकी सगळ्याला कुंकू लावलं आणि म्हणाले, "ही वरातीला जायची न्हाई. गोरेगावला सांगून धाडा." ताट आत्याबाईंच्या हातात देऊन ते निघून गेले.

मी तिथंच चौथऱ्यावर बसून रडायला लागले. गोरेगावात भावानं घोडेवाल्याला नाही म्हणून सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं. काकू, चुलत बहिणी, सगळ्या गावाला तोंड कसं दाखवायचं? मी मोठ्यानं रडत होते, कारण हळू रडल्यानं कुणाला कळत नाही.

आत्याबाईंनी पाटावरची आपली विळी उचलली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. भाजी चिरायची रोजची विळी. पातं काळंभोर, नितळ, एक ठिपका नाही.

"ही माज्या लग्नातली," त्या म्हणाल्या. "चिरून झालं की कोरडी पुसते. तेलाचं बोट फिरवते. तव्याला बी तसंच, पावसाळ्यात तर रोज. तू बघत न्हाईस का रोज?"

बघत होते. रोज माझ्या नाकासमोर चाललं होतं. पण ते स्वयंपाकघरातलं. मोटारीचं शास्त्र विळीला कुठून यायचं?

"मग आत्याबाई, आधी काहून सांगितलं न्हाई?"

"तू कवा इचारलंस?" मग त्या थोड्या हसल्या. "आन खरं सांगू का, मजा येऊन राहिली व्हती."

गोरेगावला नकार धाडायचं आत्याबाईंनी लांबवलं, मोटार नीट झाली तर मामंजी वळतील म्हणून. दसऱ्याला चाचा आला. मोटार बघून त्यानं टोपी काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. "क्या कर डाले गे बेटी! अरे, नवाबसाहब की..." यात नवाबसाहेबांचा काय संबंध हे कुणी विचारलं नाही. मग तो आणि आत्याबाई दोन दिवस मोटारीपुढं उभे राहून भांडले. चाचाचं म्हणणं ग्रीस. आत्याबाईंचं म्हणणं, लग्नाला जाणारी मोटार काळी नको, तेल लावा. करडीचं का जवसाचं, यावर आणखी एक दिवस. शेवटी जवस ठरलं, आणि ते नुसतं नको, कढवून त्यात मधमाशीचं मेण विरघळवायचं, असं आत्याबाईंनी ठरवलं. चाचानं ते नंतर आपलंच म्हणून सांगायला सुरुवात केली.

काम अर्थात माझ्याकडं. घासलेटच्या बोळ्यानं खपल्या काढायच्या, बारीक चाळलेल्या राखेनं कोरडं घासायचं, उन्हात तापू द्यायचं, आणि गरम असतानाच तेल-मेणाचा हात पातळ फिरवून वरचं पुसून घ्यायचं. चिंच नाही, मीठ नाही, पाण्याचा थेंब नाही. एकदा घासून चकचकीत झालेला बंपर मी कौतुकानं हातानं चाचपला आणि तेल लावायचं सकाळवर टाकलं. सकाळी माझी पाच बोटं त्याच्यावर तांबडी उमटलेली. आत्याबाई म्हणाल्या, "सही केलीस का गं?" तेव्हापासून मी हाताला फडकं गुंडाळून काम केलं.

तुळशीचं लग्न झालं. एक दिवस मामंजी आले, बंपरवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. खड्डे राहिलेच होते, पण पोलाद करडं, शांत दिसत होतं. ते भिंतीकडं बघून म्हणाले, "जवसाच्या चटणीचा वास येऊन राहिला. जाऊ द्या, न्या."

मी नाचायची तेवढी राहिले. इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. पण मूर्खपणा असा एका दसऱ्यात उतरत नाही.

औंढ्यावरून, हिंगोलीवरून गोरेगावपर्यंत धुळीचा रस्ता. तेलाच्या हातावर ती सगळी धूळ येऊन बसली. गोरेगावची वेस दिसली तेव्हा मोटार डबक्यातून उठलेल्या म्हशीसारखी दिसत होती. आणि मी आत, नथ घालून.

"चाचा, थांबा."

"नक्को बेटी," चाचा म्हणाला. त्याला कळलं होतं.

पण मी उतरले, घासलेटचा बोळा घेतला, आणि बंपर, मुठी, दिव्यांची कडी, सगळ्याचं तेल पुसून काढलं. उघडं पोलाद उन्हात झळकलं. आम्ही भोंगा वाजवत गावात शिरलो. काकू दारात आल्या, डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "बाई बाई, चकाकती खरी!" ती संध्याकाळ माझी होती. एवढं काय ते मिळालं.

मोटार रात्रभर अंगणात उघड्यावर उभी राहिली. मार्गशीर्षातलं दव पडलं. दुसऱ्या दिवशी लग्न, पाहुणे, पंगती, कुणाला मोटारीकडं बघायला सवड? वरातीला दिवे लागले, नवरा-नवरी आत बसले. माझी भावजय तेव्हा एवढीशी पोर, अंगावर हळदीत रंगवलेलं पिवळं लुगडं, हात हळदीनं आणि घामानं ओले. ती जन्मात मोटारीत बसली नव्हती. चाचानं नवाबी थाटात हिसका देऊन मोटार सोडली, तशी तिनं दाराची मूठ गच्च धरली आणि मारुतीच्या देवळापर्यंत सोडली नाही. मग मोटार थांबली तसा हात सोडून मांडीवर टेकवला.

सकाळी लुगड्यावर पाच बोटं होती. गंजाची.

पुढं ती मोटार मोडली. निजामाचं राज्य गेलं, मामंजींची हौसही गेली. बंपर तेवढा गड्यांनी गोठ्यात गव्हाणीला आडवा ठोकला. बैल येता-जाता त्याला मान घासायचे. त्यांच्या मानेच्या तेलकटपणानं तो काळा तुळतुळीत झाला, आणि कधी गंजला नाही. मी चिंच, राख, कल्हई, गोधड्या एवढं करून जे जमवू शकले नाही ते त्या दोन बैलांनी खाज सुटली म्हणून केलं.

लुगडं भावजयीनं जपून ठेवलं आहे. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. मी गोरेगावला गेले आणि काही शहाणपणाचं बोलायला तोंड उघडलं की ती उठते, पेटी उघडते, आणि ते माझ्यापुढं पसरते. हळद दोन-चार उन्हाळ्यांत उडाली. लुगडं पांढरं झालं. बोटं जशीच्या तशी.

"बोला वन्सं," ती म्हणते, "काय सांगत व्हत्या तुमी?"